यंत्रांचा शेजारधर्म



आजच्या व्याख्यानाचा विषय फलकावर वाचून काही मंडळींनी चालकांकडे चौकशी केली, असे आमच्या कानांवर आले. स्विच म्हणजे भिंतीवरचे बटण. ते खाली करावे की दिवा लागतो. त्यावर तासभर बोलावयाचे ते काय? शंका रास्त आहे. म्हणून आरंभीच सांगून टाकतो की, ज्या स्विचविषयी आम्ही बोलणार आहोत त्याचा भिंतीवरच्या बटणाशी संबंध केवळ नावापुरता आहे. ही एक चपटी लोखंडी पेटी असते. तिच्या पुढच्या अंगाला २४ किंवा ४८ भोके असतात, त्यांत तारा खोचलेल्या असतात, आणि आत पंखे सतत घरघरत असतात. एका तारेवरून आलेले माहितीचे पाकीट त्यावरचा पत्ता वाचून योग्य त्या तारेवर लोटून द्यावयाचे, एवढे तिचे काम. पूर्वी ती हे काम एका इमारतीपुरतेच करी. गावाबाहेरच्या वाटा ठाऊक असणारे यंत्र निराळे असे. त्याला राउटर म्हणत. आता हा भेद पुष्कळसा पुसला गेला आहे. चांगल्यापैकी स्विच आज दोन्ही कामे करतो, आणि म्हणूनच त्याला शेजारी ठेवावे लागतात.

हा ‘शेजारी’ शब्द आमचा नव्हे, त्या शास्त्राचाच आहे. तो फार समर्पक आहे असे आमचे मत असल्यामुळे आजचे सारे विवेचन आम्ही त्याच्याच आधाराने करणार आहो.

इंटरनेट म्हणून ज्याला आपण म्हणतो ते कोणा एकाच्या मालकीचे एकसंध जाळे नाही. ती हजारो स्वायत्त संस्थानांची मिळून झालेली वस्ती आहे. एखादी टेलिफोन कंपनी हे एक संस्थान, एखादे विद्यापीठ हे दुसरे, एखादी मोठी बँक हे तिसरे. प्रत्येकाला एक क्रमांक दिलेला असतो. आपल्या देशात सर्वसामान्य माणसाला इंटरनेट मिळू लागले ते १५ ऑगस्ट १९९५ पासून, विदेश संचार निगमाच्या मार्फत. पुढे देशातल्या देशात या संस्थानांची गाठ पडावी म्हणून २००३ साली ‘निक्सी’ ही विनिमयसंस्था स्थापन झाली, आणि मुंबईत आज अशी एकाहून अधिक विनिमयकेंद्रे आहेत. या सर्व वस्तीचा नकाशा कोणत्याही एका कचेरीत टांगलेला नाही. प्रत्येक संस्थान आपल्या शेजाऱ्याला एवढेच सांगते की, अमुक पत्त्यांकडे जावयाचे असेल तर माझ्याकडून वाट आहे. शेजारी ते आपल्या शेजाऱ्याला सांगतो, तो त्याच्या शेजाऱ्याला. अशा सुमारे दहा लाख वाटा आज या कानाच्या त्या कानाला होत जगभर पसरलेल्या आहेत. तुमचे पत्र, तुमचे पैसे, तुमच्या नातवाचा अमेरिकेतून दिसणारा चेहरा, हे सारे या सांगीवांगीवर चालले आहे!

हे सांगणे कोणत्या भाषेत व्हावे याचा जो संकेत ठरला आहे त्याला बीजीपी म्हणतात. त्याचा जन्म मोठा गमतीचा आहे. १९८९ च्या जानेवारीत टेक्सासमधील ऑस्टिन या गावी अभियंत्यांची एक सभा भरली होती. तेथे जेवणाच्या वेळी सिस्को कंपनीचे कर्क लॉहीड आणि आयबीएमचे याकोव्ह रेख्टर यांनी हात पुसण्याच्या कागदी रुमालांवर त्याचे टाचण केले, आणि त्याच वर्षी जूनमध्ये त्याचा पहिला लेख प्रसिद्ध झाला. १९९० साली दुसरी आवृत्ती निघाली, १९९१ साली तिसरी, १९९४ साली चौथी. म्हणजे पाच वर्षांत चार आवृत्त्या! आता श्रोत्यांनी तर्क करावा की, आज कितवी आवृत्ती चालू असेल. बारावी? पंधरावी? आज चौथीच चालू आहे. तीस वर्षे उलटून गेली, जग कोठल्या कोठे गेले, या संकेताच्या अंगी त्या काळात कोणाच्या स्वप्नातही नव्हते असे गुण आले, आणि आवृत्तीचा आकडा मात्र जागचा हलला नाही. हे कसे घडले, हाच आमचा विषय.

दोन यंत्रांचा शेजार जुळतो कसा ते पाहू. एकाच संस्थानाच्या आत चालणारे काही संकेत असे आहेत की, त्यांतली यंत्रे गल्लीत उभी राहून हाका मारतात आणि जो ओ देईल त्याला शेजारी मानतात. बीजीपीचे तसे नाही. येथे शेजाऱ्याचा पत्ता आणि त्याच्या संस्थानाचा क्रमांक माणसाने आपल्या हाताने यंत्रात लिहावा लागतो, आणि पलीकडच्या माणसानेही आपला तसाच लिहावा लागतो. दोहोंपैकी एकाने लिहिला नाही तर शेजार जुळत नाही. लिहिल्यावर एक यंत्र दुसऱ्याच्या १७९ क्रमांकाच्या दारावर थाप मारते आणि ‘ओपन’ नावाचा एक निरोप पाठविते. त्यात आपली आवृत्ती, आपल्या संस्थानाचा क्रमांक, आपली ओळख, आणि किती वेळ माझ्याकडून शब्द आला नाही तर मला मेलो असे समजावे, एवढ्या गोष्टी असतात. ही शेवटली मुदत दोघांची वेगळी असेल तर लहान ती धरावयाची. दुसरे यंत्रही असाच निरोप पाठविते, दोघे मान डोलावतात, आणि बैठक सुरू होते. मग वाटांची देवघेव.

आता अडचण पाहा. आरंभीच्या काळात दोन यंत्रांचे एकमत होण्यासाठी आवृत्तीचा आकडा हे एकच साधन होते. एखादी नवी सोय आणावयाची तर नवी आवृत्ती काढावयाची, आणि मग सर्व जगाने ती घ्यावयाची. वस्ती शेदोनशे घरांची असते तेव्हा हे जमते. हजारो घरांची झाली की, कोणत्या दिवशी सर्वांनी एकदम नवे लुगडे नेसावयाचे हे ठरविणार कोण? येथे राजा नाही, पाटील नाही. ज्याचे यंत्र जुने त्याला ते आजच फेकून दे म्हणून सांगण्याचा अधिकार कोणालाच नाही.

यावर तोड निघाली ती मे २००० मध्ये. चंद्रा आणि स्कडर या दोघांच्या नावे प्रसिद्ध झालेल्या एका लहानशा लेखाने असे सुचविले की, ओपन निरोपाच्या शेपटाला ऐच्छिक मजकुरासाठी जी जागा आहे तीत प्रत्येक यंत्राने आपल्या क्षमतांची यादी द्यावी. मला अमुक येते, मला तमुक येते. प्रत्येक क्षमतेला एक आकडा. दोघांच्या याद्यांत जे समान निघेल ते वापरावे. जे एकालाच येते ते गुंडाळून ठेवावे. आणि यादीत एखादा आकडा अनोळखी दिसला तर? रागवावयाचे नाही, दार लावावयाचे नाही. तो आकडा वाचलाच नाही असे समजून पुढे जावयाचे. हा शेवटचा नियम आम्हांला सगळ्यांत मोलाचा वाटतो. त्यामुळे आवृत्ती पाचवी काढण्याची गरजच उरली नाही. नवा गुण आला की त्याला एक नवा आकडा. ज्यांना येतो ते आपसांत वापरतात, ज्यांना येत नाही त्यांचे जुने व्यवहार बिनघोर चालू राहतात.

इंग्रजीत या प्रकाराला वाटाघाटी म्हणण्याची रूढी आहे. ती आम्हांस पसंत नाही. लग्नाच्या बैठकीत यादी करताना जी घासाघीस होते तशी येथे मुळीच होत नाही. प्रत्येकजण एकदाच आणि एकाच वेळी बोलतो, आणि मग दोघेही आपापल्या ठिकाणी बेरीज मांडतात. ‘तुम्ही एवढे सोडा, आम्ही एवढे सोडतो’ हा प्रकार नाही. आणि बैठक चालू असताना मध्येच ‘मला आणखी एक गोष्ट येते’ असे म्हणण्याचीही सोय नाही. यादी बदलावयाची तर बैठक मोडून पुन्हा सुरू करावी लागते. हे ज्यांना ठाऊक नसते ते भर दुपारी एखाद्या शेजाऱ्याच्या खाती नवी क्षमता चढवितात, आणि क्षणभरात त्या शेजाऱ्याकडून आलेल्या सर्व वाटा, जुन्यासुद्धा, पुसल्या जातात. यंत्राचा त्यात दोष नाही. अशी कामे रात्री करावी, आणि पलीकडच्या माणसाला आधी कळवून करावी.

या क्षमता असतात तरी कशा, त्याचे चारदोन मासले देतो. पहिल्या आकड्याची क्षमता म्हणजे अनेक प्रकारच्या पत्त्यांची देवघेव. मूळ बीजीपीला जुन्या पद्धतीचे, म्हणजे आयपीच्या चौथ्या आवृत्तीचे, पत्ते तेवढे ठाऊक होते. सहाव्या आवृत्तीचे लांबलचक पत्ते बोलावयाचे तर ही क्षमता दोघांनी जाहीर करावी लागते, आणि पत्त्यांच्या प्रत्येक प्रकारासाठी निराळी जाहीर करावी लागते. येथे नवशिक्यांची नेहमी फसगत होते. एका बाजूने दोन्ही प्रकार चालू केले, दुसऱ्या बाजूने जुनाच केला. बैठक उत्तम जुळते, पडद्यावर ‘एस्टॅब्लिश्ड’ अशी ऐटबाज अक्षरे दिसतात, आणि सहाव्या आवृत्तीच्या वाटा मात्र शून्य! शेजारी घरात आहे, दिवा लागलेला आहे, पण ज्या विषयावर बोलावयास आपण आलो तो विषय त्याने काढलाच नाही. अशा वेळी तारा उपसत बसू नये. शेजाऱ्याची माहिती दाखविण्याचा हुकूम यंत्राला द्यावा. ते प्रत्येक क्षमतेपुढे लिहून दाखविते की, ही आपण जाहीर केली, ही आपल्याला मिळाली, किंवा दोन्ही झाले. ज्या ओळीत दोन्ही शब्द नाहीत तेथे रोग. आमच्या पाहण्यात अशा तक्रारींचा निकाल बहुधा या एका पानावर लागतो, आणि हे पान उघडण्याची आठवण मात्र सर्वांत शेवटी होते.

दुसऱ्या आकड्याची क्षमता साधी पण उपकारक. समजा, शेजाऱ्याच्या वाटांपैकी कोणत्या घ्यावयाच्या याचा आपला नियम आपण बदलला. नव्या नियमाने निवड करावयाची तर शेजाऱ्याने सर्व वाटा पुन्हा सांगावयास हव्यात. पूर्वी त्यासाठी बैठकच मोडावी लागे, म्हणजे गावची रहदारी थांबवावी लागे. नाही तर शेजाऱ्याने सांगितलेले सगळेच्या सगळे, न आवडलेलेसुद्धा, स्मरणात साठवून ठेवावे लागे. २००० सालच्या सप्टेंबरात ‘पुन्हा एकदा सांगा’ एवढे म्हणण्याची सोय झाली. ज्याने ही क्षमता जाहीर केली त्याने ‘मला पुन्हा विचारलेले चालेल’ असे सांगितलेले असते. एवढ्या लहानशा सौजन्याने किती तास वाचले असतील कोण जाणे!

पासष्टाव्या आकड्याची कथा मात्र जरा विस्ताराने सांगण्याजोगी आहे. संस्थानांना क्रमांक देण्यासाठी आरंभी दोनच बाइटांची जागा ठेवली होती. तीत ६५,५३६ हून अधिक क्रमांक बसत नाहीत. ते संपत येणार हे उघड दिसू लागले. २००७ साली चार बाइटांचे क्रमांक आले, त्यांत ४२९ कोटींहून अधिक क्रमांक मावतात. पण जुनी यंत्रे तर दोनच बाइट वाचणार. मग नव्या संस्थानाने त्यांच्याशी बोलावे कसे? युक्ती अशी की, पासष्ट क्रमांकाची क्षमता शेजाऱ्याने जाहीर केली नाही तर तो जुना समजावा, आणि आपल्या मोठ्या क्रमांकाऐवजी त्याला २३४५६ हा एक ठरीव क्रमांक सांगावा. खरी वंशावळ एका बंद लखोट्यात घालून सोबत द्यावी. जुने यंत्र तो लखोटा उघडीत नाही. त्याला तो कळतच नाही. पण जसाच्या तसा पुढे देणे हा त्याचा धर्म आहे. पुढे कोठे तरी नवे यंत्र भेटते, ते लखोटा फोडते आणि खरी वाट जुळवून घेते. सारे जग चालू ठेवून, एक दिवसही दुकान बंद न करता, जगाची वहीच बदलून टाकली गेली. आम्हांला ही गोष्ट एखाद्या मोठ्या पुलापेक्षा कमी थोर वाटत नाही. पुलाला निदान उद्‌घाटनाचे भाग्य लाभते.

परंतु या साऱ्याची भिस्त एका गोष्टीवर आहे: न कळलेला लखोटा जसाच्या तसा पुढे गेला पाहिजे. तो तसा गेला नाही तर काय होते, हे २७ ऑगस्ट २०१० रोजी जगाने पाहिले. युरोपातील राइप ही क्रमांक वाटणारी संस्था आणि अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाचे संशोधक यांनी मिळून एक प्रयोग केला. एका वाटेसोबत ९९ क्रमांकाचे एक नवे लक्षण त्यांनी नियमाप्रमाणे बांधून पाठविले. नियमाप्रमाणे कोणालाही त्याचा उपद्रव होऊ नये. पण सिस्कोच्या एका विशिष्ट जातीच्या यंत्रांतील आज्ञावलीत दोष होता. त्यांनी तो लखोटा पुढे देताना फाडून दिला. ज्या शेजाऱ्याच्या हाती तो फाटका लखोटा पडला त्याने तेव्हाच्या नियमाप्रमाणे बैठकच मोडली. बैठक पुन्हा जुळली, पुन्हा तोच लखोटा आला, पुन्हा मोडली. प्रयोग अर्ध्या तासाच्या आत थांबविण्यात आला. तेवढ्या वेळात जगातील कितीतरी जाळ्यांची वाट विस्कटली. येथे लक्षात घेण्यासारखे असे की, शिक्षा झाली ती फाडणाऱ्याला नव्हे, तर जो तक्रार करीत होता त्या सरळमार्गी शेजाऱ्याला आणि त्याच्या पलीकडच्या निरपराध मंडळींना. पुढे ऑगस्ट २०१५ मध्ये नियम सुधारला. फाटका लखोटा आला तर बहुतेक प्रसंगी बैठक मोडू नये. तेवढी एकच वाट मागे घेतली असे समजावे.

आता प्रत्यक्ष स्विचवर माणसाच्या हातात काय असते ते सांगतो. १९९६ मध्ये कुनिहिरो इशिगुरो यांनी ‘झेब्रा’ नावाची एक मोफत आज्ञावली लिहावयास घेतली. तिच्यातून पुढे ‘क्वागा’ आणि तिच्यातून ‘एफआरआर’ अशी पिढी झाली; आज पुष्कळ स्विचांच्या पोटात हीच असते. हिच्यात शेजाऱ्याच्या नावापुढे लिहावयाचे तीन हुकूम आहेत. पहिला म्हणतो, या शेजाऱ्याला क्षमतांची यादी पाठवूच नकोस. दुसरा म्हणतो, तो काय म्हणतो तिकडे लक्ष न देता आपल्याकडे लिहिले आहे तेच खरे धर. तिसरा म्हणतो, त्याची यादी आपल्याशी तंतोतंत जुळली नाही तर दार लाव.

पहिल्या हुकमाचे कारण असे. काही फार जुनी यंत्रे अशी होती की, त्यांना यादीतले आकडे तर सोडाच, यादी म्हणून काही असते हेच ठाऊक नव्हते. ती यादी पाहताच ‘हे काय?’ म्हणून बैठक मोडीत. शहाण्या यंत्राने मग यादी वगळून पुन्हा थाप मारावी असे सांगितले आहे. पण ते जमले नाही तर दोघांचे रात्रभर ‘उघड दार’ आणि ‘लाव दार’ चालते. त्यावर हा हुकूम म्हणजे औषध आहे. परंतु औषध सुरू करणारा वैद्य ते बंद करण्याची तारीख लिहून ठेवीत नाही! जुने यंत्र भंगारात जाते, त्या जागी नवे येते, आणि ही ओळ तशीच राहते. मग नव्या यंत्राला सर्व येत असूनही सहाव्या आवृत्तीच्या वाटा नाहीत, ‘पुन्हा सांगा’ म्हणण्याची सोय नाही, मोठे क्रमांक नाहीत. आणि का नाहीत हे सांगणारा मनुष्य नोकरी सोडून गेलेला. आमचे स्पष्ट सांगणे असे की, ज्याने ही ओळ लिहिली त्याने तिच्याजवळच कारण आणि तारीख लिहावी. दुसऱ्या हुकमाविषयी थोडक्यात एवढेच की, शेजाऱ्याला जे येत नाही ते येते असे धरून चालणे हा शेजारधर्म नव्हे, हट्ट आहे. तिसरा हुकूम प्रयोगशाळेत चांगला. एकाच खोलीत, एकाच मालकाची, एकाच दिवशी घेतलेली वीस यंत्रे असतील तर चुकार कोण ते त्याने चटकन कळते. बाहेरच्या शेजाऱ्याला तो लावणारा मनुष्य मात्र एक दिवस पस्तावतो, कारण शेजारी आपले यंत्र सुधारतो, त्याच्या यादीत एक आकडा वाढतो, आणि आपण त्याच्या प्रगतीबद्दल त्याला दाराबाहेर ठेवतो.

क्षमता जाहीर करणे हे वचन आहे, याचाही विसर पडतो. चौसष्टाव्या आकड्याची क्षमता म्हणजे ‘माझी बुद्धी क्षणभर बंद पडून पुन्हा सुरू झाली तरी माझे हातपाय चालू राहतील; तोवर माझ्या वाटा पुसू नका’. किती वेळ थांबावे ते सेकंदांत सांगावयाचे. ४,०९५ सेकंदांपर्यंत सांगता येते, म्हणजे तासाहून अधिक. ज्या यंत्रात बुद्धी आणि हातपाय खरोखर वेगळे आहेत त्याने हे वचन अवश्य द्यावे. पण जेथे एकाबरोबर दुसरेही बसते तेथे हे वचन दिले तर शेजारी विश्वासाने पाकिटे पाठवीत राहतो आणि ती खड्ड्यात पडत राहतात. दुसरी वाट शिल्लक असूनही तो ती धरीत नाही, कारण आपणच त्याला थांबा म्हटलेले असते. अशा यंत्राने दुसऱ्यासाठी थांबण्याची तेवढी तयारी ठेवावी, आपल्यासाठी थांबावयास सांगू नये.

अगदी अलीकडची, मे २०२२ ची, क्षमता सांगून हे विवेचन पुरे करतो. तिचा आकडा नऊ, आणि विषय आहे नाते. २४ जून २०१९ रोजी अमेरिकेत असे झाले की, डीक्यूई या कंपनीने आपल्या पोटातल्या उपयोगासाठी बनविलेल्या काही बारीक वाटा आपल्या गिऱ्हाइकाला, ॲलेगेनी टेक्नॉलॉजीज या कारखानदार कंपनीला, सांगितल्या. त्या कंपनीने त्या आपल्या दुसऱ्या पुरवठादाराला, व्हेरायझनला, सांगितल्या. व्हेरायझनने त्या खऱ्या मानून पुढे पसरविल्या. सुमारे दोन तास जगाच्या रहदारीचा मोठा ओघ एका कारखान्याच्या बोळातून जाऊ पाहत होता! गिऱ्हाइकाने एका पुरवठादाराची वाट दुसऱ्या पुरवठादाराला सांगू नये, हा नियम सर्वांना ठाऊक होता. पण तो यंत्रांच्या बोलण्यात नव्हता, माणसांच्या डोक्यात होता.

नव्या क्षमतेने प्रत्येक यंत्र पहिल्या भेटीतच सांगते की, मी तुझा पुरवठादार, किंवा गिऱ्हाईक, किंवा बरोबरीचा. एकाने मामा म्हटले तर दुसऱ्याने भाचाच म्हटले पाहिजे. दोघेही मामा निघाले तर बैठक जुळत नाही. येथे दार लावणे योग्यच आहे, कारण मतभेद ज्ञानाविषयी नाही, नात्याविषयी आहे. एकदा नाते ठरले की वाटांवर तशी खूण पडते, आणि भलत्या दिशेने निघालेली वाट यंत्रच अडविते. शेजाऱ्याने नाते सांगितलेच नाही तर काय करावे, हे मात्र पुन्हा माणसावर सोपविले आहे: आपल्या समजुतीने चालावे, किंवा कडक हुकूम लावून बैठक नाकारावी. आमच्या मते आपल्या गिऱ्हाइकांशी कडक राहावे, कारण त्यांना शिकविणे आपल्या हातात आहे. थोरल्या पुरवठादाराशी काही वर्षे तरी सबुरीने घ्यावे. एखादा शेजारी एका शहरात आपला गिऱ्हाईक आणि दुसऱ्या शहरात बरोबरीचा असतो. असली दुहेरी नाती वेगवेगळ्या बैठकांत विभागता येत असतील तर तशी विभागावी आणि प्रत्येकीत तिचे तिचे नाते सांगावे, अशी त्या लेखातच सूचना आहे.